जुनी नाणी आणि खणांचे कपाट

नाण्यांसाठी खास लाकडी कपाट ठेवण्याची पद्धत युरोपातील संग्राहकांची. त्यात उथळ खण, खणात गोल खाचा आणि प्रत्येक खाचेत एकच नाणे. नाणी एकमेकांवर घासत नाहीत, आणि खण ओढताच सगळी रांग नजरेसमोर येते. जुन्या कपाटांचे आकर्षण यातच आहे.

लाकूड मात्र पारखून घ्यावे. संग्राहक महॉगनी पसंत करतात. ओकमधून आम्लाची वाफ निघते. तिने शिसे लवकर खराब होते, तांब्यालाही बाधा होते. ताजे पॉलिश टाळावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो.

बडोद्यात आपल्यापैकी अनेकांकडे सयाजीराव महाराजांची छबी असलेले चांदीचे रुपये आहेत. ते चिंच किंवा राख लावून उजळू नयेत. झिजलेली अक्षरे परत येत नाहीत. लक्ष्मीपूजनात मांडलेली नाणी हळदकुंकू काढून, पूर्ण कोरडी करूनच खणात ठेवावीत.

प्रत्येक नाण्याखाली आम्लरहित कागदाची गोल चिठ्ठी ठेवावी: नाणे कोणते, कोणाचे, कोणी दिले. आमच्या घरी आजीचे चार रुपये आहेत. तिला ते कोणी दिले, हे सांगणारे आता कोणी नाही. कपाट मिळेल तेव्हा मिळेल. चिठ्ठ्या आधी लिहून ठेवाव्यात.