मक्याच्या रानातील उपाशी हॅमस्टर



आजची हकिगत दूरची, फ्रान्समधली आहे. पण आपल्याकडेही मक्याचे क्षेत्र वाढते आहे, तेव्हा ती ऐकून ठेवायला हरकत नाही.

फ्रान्सच्या पूर्वेला, ऱ्हाईन नदीच्या काठी आल्सास नावाचा मुलूख आहे. तिथल्या रानात बीळ करून राहणारा एक प्राणी आहे, हॅमस्टर. उंदराच्या कुळातला, साधारण घुशीच्या अंगाचा. गालात दाणे भरून नेतो आणि बिळात साठवतो. तिथला शेतकरी पूर्वी त्याला सापळे लावून मारीत असे, आपण उंदीर मारतो तसाच. तरीही तो टिकून होता. कारण शिवारात गहू, लसूणघास, बीट, कोबी असे तुकड्या-तुकड्याने सगळे असे. एका बांधाला नाही मिळाले तर दुसऱ्या बांधाला मिळे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे संकरित मका पसरला. उतारा चांगला, काम यंत्राने. आपण त्या जागी असतो तर वेगळे केले नसते. पण हॅमस्टर हिवाळाभर झोपून वसंतात बाहेर येतो, तेव्हा मक्याचे रान उघडेबोडके असते. १९९३ मध्ये फ्रान्सने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. संख्या घटतच गेली. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने, या प्राण्याच्या रक्षणात कसूर झाली म्हणून, फ्रान्स सरकारलाच दोषी ठरवले.

मग स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी खाण्याचाच तपास केला. माथिल्ड टिसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माद्यांना गहू दिला, काहींना मका. जोडीला क्लोव्हरचा चारा किंवा गांडुळे. पिल्ले दोन्हीकडे सारखीच झाली. गव्हाकडच्या पिल्लांपैकी सुमारे पाचातली चार जगली. मक्याकडची शंभरात पाच. मक्यावरच्या माद्यांनी आपलीच पिल्ले दाण्यांच्या ढिगात ठेवून खाल्ली! त्यांच्या जिभा सुजून काळ्या पडल्या होत्या. खुराकात नायासिन हे ब जीवनसत्त्व मिसळताच त्या पिल्ले नीट वाढवू लागल्या. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मक्यात नायासिन असते, पण बांधलेल्या रूपात; पोटात सुटत नाही. शरीर ज्यापासून नायासिन तयार करते ते ट्रिप्टोफॅनही मक्यात कमी.

माणसाने हे आधीच भोगले होते. मेक्सिकोचे मूळ शेतकरी मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्याने नायासिन मोकळे होते. युरोपने मका नेला, चुना तिकडेच राहिला. १७३५ मध्ये स्पेनच्या गास्पार कासाल या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरिबांत कातडी सोलणारा रोग पाहिला. पुढे इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडले. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून शोध घेऊन तो संसर्गाचा नव्हे, आहाराचा रोग आहे हे दाखवले. त्यावरचा उपाय नायासिन हे १९३७ मध्ये कळले.

दख्खनही यातून सुटली नव्हती. नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांत पेलाग्रा आढळे, आणि १९६० मध्ये हैदराबादेत गोपालन व श्रीकांतिया यांनी ज्वारीतील जादा ल्युसीनकडे बोट दाखवले. त्या कारणावर पुढे वाद झाले. परंतु भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणा असला की धोका कमी, हे खरे. ज्वारीत तुरीचे तास टाकणाऱ्या आपल्या वाडवडिलांना नायासिन माहीत नव्हते, पण ताटात दोन्ही येत होते. कोंबडीखाद्य करणारेही मक्याला सोयाबीन पेंडीची जोड देतात, ते उगाच नव्हे.

रानातल्या जिवाला कोण जोड देणार? ससा, तितर, मोर यांना शिवारात उगवेल तेच मिळते. (रानडुकरांचा त्रास खराच आहे, त्याचा इलाज वेगळा, तो पुढे कधीतरी सांगू.) आल्सासमध्ये आता गहू आणि लसूणघास पेरणाऱ्याला सरकार अनुदान देते, कारण मका सोडणे तिथल्या शेतकऱ्यालाही परवडत नाही.

आपल्याला मका सोडायचे कारण नाही. पहिला महिना-सव्वा महिना त्याच्या ओळींमधली जागा मोकळीच असते. तिथे मूग, उडीद किंवा चवळी घ्या. मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांत निघतात, आणि बेवड मिळते ते वेगळेच.