गाड्यावरचा नाश्ता : चव तीच राखून आरोग्य कसे सांभाळावे?

सकाळी भाजीपाव आणि बन्स, संध्याकाळी रस आमलेट, कटलेट पाव किंवा गरम मिरची भजी हा गोमंतकीयांच्या दिनक्रमाचा भाग आहे. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील बाजारपेठांत नोकरदार, विद्यार्थी आणि कामगार यांची भूक अल्प खर्चात भागते ती याच गाड्यांवर. मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. याला केवळ गाडे जबाबदार नाहीत. तरीही रोजच्या खाण्यात मैदा, तेल, मीठ आणि साखर किती जाते, हे पाहणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

पाव

उंडे आणि कातरे पाव प्रामुख्याने मैद्याचे असतात. कोंडा असलेली पोयी हा त्याला गावातच मिळणारा पर्याय होय. कोंड्यातील तंतूंमुळे पोट लवकर भरते आणि रक्तातील साखर तुलनेने सावकाश वाढते. मात्र वरून कोंडा भुरभुरलेली मैद्याची पोयीही बाजारात असते. आतला भाग तपकिरी आणि किंचित खरखरीत असेल, तर कोंडा पिठात मिसळलेला आहे असे समजावे.

भाजी आणि टोणाक

बटाट्याची सुकी भाजी पावासोबत खाणे म्हणजे पिष्टावर पिष्ट. त्याऐवजी वाटाणे, चणे किंवा चवळीची पातळ भाजी अथवा अळसांद्यांचे टोणाक घेतल्यास प्रथिने आणि तंतू मिळतात. वरचा तेलाचा तवंग बाजूला सारून वाढण्यास सांगावे. सोबत कच्चा कांदा आणि लिंबू घ्यावे.

रस आमलेट

एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यामुळे हा पदार्थ मुळात पौष्टिकच आहे. स्निग्धांश वाढतो तो तव्यावरचे तेल आणि शागुतीचा रस यांमुळे. खोबऱ्यातील बहुतांश स्निग्धांश संपृक्त प्रकारचा असतो. घरी करताना मसाला आणि खोबरे तेलाविना भाजावे, खोबरे थोडे कमी घेऊन कांदा वाढवावा. गाड्यावर रस निम्मा आणि पाव एकच मागावा.

भजी, काप आणि बन्स

तेल पुरेसे तापलेले नसेल किंवा पिठात सोडा जास्त असेल, तर भजी अधिक तेल शोषतात. घरी भज्यांना पर्याय म्हणजे काप. सुरण, नीरफणस किंवा वांग्याच्या चकत्यांना मसाला आणि रवा लावून तव्यावर थोड्या तेलात परतल्यास कुरकुरीतपणा टिकतो. बन्ससाठी निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घ्यावी; केळी अगदी पिकलेली असतील तर वेगळी साखर फारशी लागत नाही.

चोरिस पाव

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचे वर्गीकरण कर्करोगकारक घटकांत केले. चोरिसात मीठही भरपूर असते. तो रोज न खाता कधीतरी खावा. शिजवताना वेगळे तेल आणि मीठ घालू नये. चोरिस थोडे आणि कांदा भरपूर, हे प्रमाण ठेवावे.

तेलाची पारख

पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात अपायकारक घटक तयार होतात. तळणीच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाऊंड्स’ २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून लागू केला. ग्राहकाला मोजमाप शक्य नसले, तरी तेल काळपट आणि दाट झालेले असणे, त्यावर फेस येणे आणि कढई लवकर धुरकटणे ही लक्षणे डोळ्यांना दिसतात. तळलेले पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदावर घेऊ नयेत. शाईतील रसायने तेलात उतरतात.

सोबतचे पेय

३०० मिलिलिटर शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. बिनसाखरेचा लिंबू सोडा किंवा सोलकढी हे त्याहून बरे. घरी संध्याकाळच्या भुकेला नाचणीचे तिजान, गूळ बेताचा घालून, हा जुना आणि उत्तम पर्याय आहे.

गाडेवाल्यांचा प्रश्न

तेल वेळेवर बदलणे आणि पोयी ठेवणे यांचा खर्च गाडेवाल्यालाच सोसावा लागतो, आणि त्याचा नफा बेताचाच असतो. ग्राहकांनी पोयी मागितली, टोणाक मागितले आणि स्वच्छ तेलासाठी दोन रुपये अधिक मोजण्याची तयारी दाखवली, तर हा बदल त्यालाही परवडेल. गाडा बंद न होता त्यावरचे ताट बदलणे, हेच ग्राहक आणि विक्रेता दोघांच्याही हिताचे आहे.