सुरतेची छावणी आणि दुसरी विद्या

कराटे शिकणाऱ्या मुलाने जोडीला दुसरी कोणती युद्धविद्या घ्यावी, हा प्रश्न सुरतेतील मराठी घरांतून आम्हांस पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. ह्याच शहराच्या बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर, १६६४ च्या जानेवारीत, ह्या प्रश्नाची एक कठोर परीक्षा होऊन गेली आहे.

शिवाजी महाराजांची छावणी तेथे पडली होती. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता, आणि तहाच्या बोलण्याचे निमित्त करून त्याने एक तरुण महाराजांकडे धाडला. बोलता बोलता त्या तरुणाने कट्यार उपसून महाराजांवर झेप घेतली. जवळच्या रक्षकाने तलवारीच्या एका वाराने त्याचा हात तोडला. वार अचूक होता. परंतु झेपेचा वेग त्याने थांबला नाही. तुटलेल्या हातानिशी तो महाराजांच्या छातीवर आदळला आणि दोघेही जमिनीवर कोसळले. रक्त पाहून महाराज गेले असे सैन्यास वाटले व बंदिवानांची कत्तल करा अशी ओरड उठली. महाराज उठून उभे राहिले व त्यांनी ती थांबविली. एस्कॅलियट नावाच्या इंग्रज पाद्र्याने त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात ही हकीकत आहे. आणि तो साक्षीदार आपल्या पक्षाचा नव्हता, म्हणून त्याच्या साक्षीचे मोल आम्ही अधिक मानतो.

कराटे ही मुख्यतः आघाताची विद्या होय. अंगावर आलेले शरीर, पकड आणि पडणे ह्यांचा विचार तीत थोडा होतो. ही उणीव जपानी गुरूंनाही दिसली होती. फुनाकोशींनी १९२२ साली ओकिनावाची ही विद्या टोकियोत दाखविली; त्यांचे शिष्य ओत्सुका हे आधीच जुजुत्सू शिकलेले. त्यांनी दोहोंचा मेळ घालून वाडो-र्यू हा संप्रदाय काढला. तेव्हा जोड घेणे हा गुरुद्रोह नव्हे, हे भाविक पालकांनी ध्यानात घ्यावे.

आमचे मत कुस्तीच्या बाजूचे आहे, आणि कुस्तीबरोबर मल्लखांब. मल्लखांब हे स्वतः युद्ध नव्हे, हा आक्षेप खरा. पण तो प्रथमपासूनच मल्लाचा साहाय्यक आहे. बाराव्या शतकातील मानसोल्लासात त्याचा उल्लेख सापडतो. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडील अली व गुलाब ह्या मल्लांनी आव्हान दिले, तेव्हा बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीस जाऊन बसले व मारुतीच्या दृष्टांताने ही विद्या त्यांस लाभली, अशी आख्यायिका आहे. दृष्टांताविषयी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. लाकडाच्या खांबास मांड्यांनी वेढा घालून उलटे लोंबणाऱ्यास मानवी पकडीतून सुटण्याचे भय उरत नाही, एवढे मात्र कोणीही तपासून पाहावे.

आणि गुजरातेत ह्या विद्येस घर होते. बडोद्यास १८८० साली जुम्मादादांनी आखाडा घातला. गुरू मुसलमान, आणि त्यांची गादी चालविली ती गजानन यशवंत माणिकराव ह्या मराठी शिष्याने. कुस्ती, लाठी, मल्लखांब, अस्थिसंधान हे सारे एकाच छपराखाली शिकविले जाई. डभोईस जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे माणिकरावांपाशी तयार झाले. पुढे माळसरच्या माधवदासांकडून त्यांनी योगाची जोड घेतली आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. स्वामी कुवलयानंद ते हेच. सुरतेत १८९४ साली जन्मलेले अंबुभाई पुराणी व त्यांचे बंधू छोटुभाई ह्यांनी तर आखाड्यांची ही चळवळ गुजरातभर नेली.

आपल्या देवळांच्या आवारांत मारुतीच्या मूर्तीपुढे मोकळी जागा पुष्कळ ठिकाणी असते. तेथे सायंकाळी मोटारी उभ्या केलेल्या दिसतात. एका खांबास व हौदाभर मातीस लागणारी जागा त्याहून कमी आहे, आणि मुलगा कराटेचा पांढरा पोशाख घालूनच तेथे आला तरी मारुतीची हरकत असणार नाही.