खोट्या लायकाची पाठचिकित्सा

जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्राहकांमध्ये ‘मूळ’ या शब्दाला जे मोल आहे, ते क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाला असेल. जून २०२२ मध्ये जर्मनीतील वेत्झलार येथे लायकाच्या शून्य मालिकेतील १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. तो लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याच्या स्वतःच्या वापरातला होता. वंशावळीला अशी किंमत येऊ लागली, की जिला वंशावळ नाही अशा वस्तूसाठी ती रचली जाणार, हे ओघानेच आले. संग्राहकांच्या परिचयाचा ‘खोटा लायका’ हे अशा रचनेचेच फळ. त्याचा इतिहास येथे मांडावासा वाटतो, कारण त्यात साहित्याच्या अभ्यासकांना आपलाच एक जुना प्रश्न भेटतो: जीर्णोद्धार करायचा तो नेमका कोणत्या मूळाचा?

लायका प्रथम १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लोकांसमोर आला. चित्रपटाची ३५ मि.मी. फिल्म वापरणाऱ्या या खिशात मावणाऱ्या यंत्राने छायाचित्रकाराला तिपाईच्या बंधनातून सोडवले. भिंगाला जोडलेला अंतरमापक असलेली त्याची दुसरी आवृत्ती १९३२ मध्ये निघाली आणि १९३४ पासून सोव्हिएत युक्रेनमधील खारकीव्ह येथे तिची विनापरवाना नक्कल नियमितपणे तयार होऊ लागली. तिचे नाव ‘फेड’.

ही नक्कल करणारे हात कोणाचे होते, हे पाहिले म्हणजे ‘नक्कल’ हा शब्द अपुरा वाटू लागतो. यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनी त्या देशात लाखो मुले बेघर केली होती. अशा मुलांसाठी खारकीव्हजवळ १९२७ साली एक श्रम-कम्यून स्थापन झाले. पुढे काही वर्षे त्याची धुरा शिक्षणतज्ज्ञ आणि कादंबरीकार अंतोन माकारेंको यांच्याकडे होती. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस कारखाना, असा तेथील क्रम. मुलांनी आधी इलेक्ट्रिक ड्रिल बनवली, मग कॅमेरे. माकारेंको यांच्या १९३८ सालच्या ‘बुरुजांवरील ध्वज’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीला याच कम्यूनच्या जीवनाचा आधार आहे. मात्र ‘फेड’ ही आद्याक्षरे फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की याची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीस दलाच्या संस्थापकाची. कम्यून त्याच्याच नावाचे होते. अनेक युद्धपूर्व कॅमेऱ्यांवर त्या दलाचेही नाव कोरलेले आढळते. अनाथ मुलांचे कौशल्य आणि दहशतीच्या यंत्रणेची मुद्रा एकाच पत्र्यावर नांदत होती.

पुढे हाच पत्रा घासला गेला. विशेषतः १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर फेड आणि त्याचा भाऊबंद ‘झोर्की’ पाश्चात्त्य बाजारात स्वस्तात मिळू लागले. त्यांवरची रशियन अक्षरे काढून लायकाचे नाव कोरण्यात आले. कुणावर जर्मन हवाई दलाचे चिन्ह उमटले, कुणावर १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकचे, तर कुणाला सोनेरी मुलामा चढला. जाणकार मात्र भिंग काढून आत पाहतो. अंतरमापकाला हलवणाऱ्या दांडीच्या टोकाला अस्सल लायकात लहानशी चाकी असते, तर फेड-झोर्कीत तेथे बहुधा धातूचा भरीव तुकडा आढळतो. मुखपृष्ठ खोटे बोलते तेव्हा हा तुकडा साक्ष देतो.

असा कॅमेरा दुरुस्तीस आला, की यंत्राबद्दल फारसा वाद नसतो. घट्ट झालेले वंगण काढावे, भोके पडलेला रबरी कापडाचा पडदा बदलावा, भिंग आणि फिल्म यांतील अंतर नीट बसवावे. युद्धपूर्व फेडमध्ये प्रत्येक भिंग आपापल्या कॅमेऱ्यासाठी जुळवलेले असे. त्यामुळे शेवटचे काम जिकिरीचे, पण असाध्य नव्हे. प्रश्न उरतो तो वरच्या पत्र्याचा. खोटे नाव पुसून ‘फेड’ पुन्हा कोरावे काय? हेतू न्यायाचा असला, तरी ही नवी अक्षरे त्या मुलांच्या कारखान्यात उमटलेली नसणार. खोटेपणा दूर करण्याच्या नादात आपण दुसरा खोटेपणा करून बसू.

येथे पाठचिकित्सेची शिस्त उपयोगी पडते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा कालौघात शिरलेले अपपाठ दूर करणे हे त्यांचे प्रयोजन होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने आणखी एक गोष्ट केली. संहितेतून वगळलेला मजकूर तिने फेकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो जपला. प्रक्षेप हा मूळ नव्हे, पण तोही इतिहासच, अशी ही भूमिका आहे.

पोथीला परिशिष्ट जोडता येते, कॅमेऱ्याला पत्रा एकच. म्हणून आमच्या मते यंत्र चालते करावे, अक्षरांना हात लावू नये, आणि वस्तूसोबत तिची खरी हकीकत लिहून ठेवावी. त्या पत्र्यावर लायकाचे नाव वाचताना, ते कोणाचे नाव घासून लिहिले आहे, हे पुढच्या हाताला कळले पाहिजे. खारकीव्हच्या त्या मुलांचे एवढे देणे आपण लागतो.