मध सोडला, पण मधुमेह आलाच



दर मे महिन्यात आम्ही सांगलीहून महाबळेश्वरला जातो. मधाचे दुकान आले की सासूबाई तोंड फिरवतात. मद्य, मांस, मधु यांचा त्याग त्यांनी लग्नाआधीच केलेला. पण पुढच्या दुकानात जेली, सरबत, चिक्कीने पिशवी भरते. त्यात मध नसतो ना! गेल्या वर्षी डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मी मध कधी चाखलासुद्धा नाही!"

हे नाव फार जुने. लघवी मधासारखी गोड होते म्हणून मधुमेह. सुश्रुतसंहितेत याचे दोन प्रकार सांगितले आहेत: जन्मजात आणि अपथ्याने होणारा. उपाय वाचून मी थक्क झाले. गरीब रोग्याने छत्री-पादत्राणांवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढत, मुनीसारखे शंभर योजने चालावे! हा तर आपल्या महाराजांचा विहारच. (आज मात्र मधुमेहींनी अनवाणी चालू नये, पायाची जखम लवकर भरत नाही.)

महाबळेश्वरही तब्येतीसाठीच वसले. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनी तिथे हवापालटाचे ठिकाण उभारले. तिथेच उगम पावलेली कृष्णा आपल्या सांगलीला येते. १९५० च्या दशकापासून तिच्या काठी सहकारी साखर कारखाने निघाले. सांगलीचा कारखाना वसंतदादांनी काढला. उसावर आपल्या कितीतरी घरांतली मुले शिकली, हे विसरून चालणार नाही. पण सणावारापुरता असलेला गोडवा रोजच्या चहात आला आणि अंगमेहनत कमी झाली. वय, वजन, आनुवंशिकता हीही कारणे आहेतच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत.

इन्सुलिनला सासूबाई आधी नाहीच म्हणाल्या. "त्यात हिंसा आहे." त्यांचे चुकले नव्हते. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधले आणि पुढे कित्येक दशके ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन मिळू लागले. आता बहुतेक इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टपासूनच होते. सूक्ष्म जीवांचा विचार उरतोच, पण पंचेंद्रिय प्राण्याचा वध त्यात नाही. हे कळल्यावर त्यांनी दंड पुढे केला.

खरी परीक्षा पुढेच होती. चतुर्दशीला कुणाला न सांगता त्यांनी इन्सुलिन घेऊन निरंकार उपवास केला. दुपारी दरदरून घाम, हातापायांना कापरे. साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको. आणि साखर उतरली तर सूर्यास्तानंतरही तोंडात साखर घालायचीच, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे.

मग तप करायचे नाही का? आपल्या बाह्य तपांत अनशन आहे, तसाच रसपरित्यागही आहे. सोडायच्या सहा रसांत दूध, दही, तूप, तेल, मीठ यांच्याबरोबर गूळ-साखरही आहेच. सासूबाईंनी आता रोजच्या साखरेचा नियम घेतलाय. औषधापुरती खडीसाखर तेवढी बटव्यात असते.

जय जिनेंद्र.