पाचगणीतला हरवलेला अनुस्वार

वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. या गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना ‘च’च्या आधी ‘एन’ हे अक्षर घालतात. देवनागरीत त्या जागी काहीच नाही. मग हा ‘एन’ आला कोठून?

जॉन चेसन या इंग्रजाने १८६०च्या दशकात येथे थंड हवेचे ठिकाण वसवले, तेव्हा मराठीत ‘पांच’ हा शब्द अनुस्वार देऊन लिहीत. संस्कृत ‘पञ्च’मध्ये ञ् हे पूर्ण व्यंजन आहे. पुढे त्याच्या आधीचा स्वर दीर्घ झाला, व्यंजन विरले आणि तो स्वरच नाकातून उच्चारला जाऊ लागला. हिंदीत आणि कोकणीत तो आजही तसा ऐकू येतो. प्रमाण मराठीच्या उच्चारातून ही अनुनासिकता गेली. लेखनात टिंब तेवढे उरले. ‘दांत’, ‘नांव’ यांचेही तसेच झाले. कानाला न ऐकू येणारी ही टिंबे मुलांना पाठ करावी लागत.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वारांना रजा मिळाली. ‘पांचगणी’ची ‘पाचगणी’ झाली. रोमन लिपीतला ‘एन’ मात्र जागचा हलला नाही.

मग आता आपण बोलतो तसेच लिहितो का? ‘चार, पाच’ असे मोठ्याने म्हणून पाहू. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते. ‘पाच’ म्हणताना ती पुढे, वरच्या दातांमागे जाते. पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य. ‘पाची बोटे’ म्हटले की पुढच्या ‘ई’मुळे तोच च पुन्हा तालव्य होतो. ध्वनी दोन, अक्षर एकच!

मराठी घरातल्या मुलाला हा फरक कानाने कळतो. पण पाचगणीच्या निवासी शाळांत परप्रांतांतूनही मुले येतात. असे मूल ‘पाच’मधला च ‘चार’सारखा उच्चारते आणि वर्ग हसतो. वास्तविक त्याने अक्षर अचूक वाचलेले असते. दुसरा ध्वनी अक्षराने त्याला सांगितलेलाच नसतो.

अक्षर आणि ध्वनी यांचे नाते माणसांनी ठरवलेले असते. ध्वनी बदलतात, लेखन मागे रेंगाळते. म्हणून अशा वेळी चूक दाखवण्याआधी आपण साऱ्या वर्गालाच ‘चार, पाच’ म्हणायला लावावे आणि जीभ कोठे लागते ते विचारावे. हसणारी मुलेही क्षणभर थांबून विचार करतील.