पहिली बोट कुठली घ्यायची? काईलीपासून बास बोटीपर्यंत

ज्यांना वाचायला जास्त आवडतं, किंवा एसटीत इअरफोन घरी राहिल्याचं लक्षात आलंय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलता बोलता घसरलेली वाक्यं थोडी सावरून घेतलीत. बाकी जसं बोललो तसंच.

तर झालं असं. आम्ही चौघं मित्र, चौघंही हातकणंगले तालुक्यातले. आठवडाभर लॅपटॉपला चिकटलेले आणि रविवारी गळ घेऊन नदीकाठी. दोन वर्षांपासून आमची आपापसात स्पर्धा चालते. सकाळी सहा ते अकरा, प्रत्येकाचे सगळ्यात जड तीन मासे मोजायचे, हरणाऱ्यानं मिसळ द्यायची. मग डोक्यात किडा वळवळला की बोट घेऊया. यूट्यूबवर अमेरिकन बास बोटी बघून डोळे फिरले होते. चकचकीत रंग, मागं भलं मोठं इंजिन, पुढं उभं राहून गळ फेकायला सपाट डेक. वापरलेली एक १६ फुटी फायबरची बोट विकायला असल्याचं कळलं. ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. वर्गणीचा हिशेब झाला, टोकन द्यायचा दिवस ठरला.

फोटो आबांना दाखवला. आमचे आबा वारणेकाठी वाढलेले. मोबाईल लांब धरून त्यांनी फोटो नीट बघितला आणि दोनच प्रश्न विचारले. "पाण्यात उतरवणार कुठनं? आन् आत पाणी भरलं तर तरंगतीय का बुडतीय?"

चार इंजिनिअर, आणि एकाकडंही उत्तर नाही. हा भाग त्या दोन प्रश्नांमुळं झालाय.

आपल्याकडची पहिली 'बोट'

आबांनी पहिल्यांदा नदी ओलांडली ती काईलीतून. पुस्तकात काहील म्हणतात, आपण काईल म्हणतो. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती पसरट, गोल, लोखंडी कढई. हंगाम संपला की ती रिकामी पडायची आणि नदीला पाणी असेल तर लोक तीच पाण्यात ढकलायचे. मधोमध बसायचं, हलायचं नाही, फळीनं किंवा बांबूनं पाणी मारायचं. गोल असल्यामुळं ती सरळ जायच्या आधी स्वतःभोवती गिरकी घेते. मोठ्या पुरांमध्ये शिरोळ, हातकणंगले भागातल्या लोकांनी याच काईलींतून माणसं बाहेर काढल्याच्या गोष्टी तुम्हीही घरी ऐकल्या असतील.

काईलीचा गुण म्हणजे ती गावात असतेच, आणि तळ पसरट असल्यामुळं उथळ पाण्यात चालते. दोष एकच, पण जीवघेणा. ती लोखंडाची आहे. काठावरून पाणी आत आलं की दगडासारखी तळाला जाते.

त्याच्याही आधीचं साधन म्हणजे सांगड. दोन होड्या किंवा दोन लाकडं एकमेकांना बांधून, नाहीतर वाळलेले भोपळे बांधून केलेला तरंगता आधार. आज आपण मीटिंगमध्ये "दोन्ही टीमच्या कामाची सांगड घालू" म्हणतो, तो शब्द नदीवरून आलाय. एकटी होडी कलंडते, दोन बांधल्या की स्थिर होतात. आजच्या कॅटामरान बोटीमागंही हेच तत्त्व आहे. भोपळ्याची गंमत अशी की तो आत हवा धरून ठेवतो, म्हणून पाणी कितीही उडालं तरी बुडत नाही. आबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या भोपळ्यात होतं, ते मला नंतर कळलं.

आता हौशी मासेमारी. ही काही परदेशातून आलेली नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' आहे. माशांचे प्रकार, गळ, दोरी, आमिष, सगळं लिहिलंय. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी या दख्खनमध्ये कुणीतरी आमच्यासारखाच गळ टाकून पाण्याकडं बघत बसलं होतं. फरक इतकाच की मिसळ द्यायला तो राजा होता.

पण आपल्या नद्यांवरच्या होड्या पलीकडं जायला आणि भोई बांधवांना जाळं टाकायला घडल्या. उभं राहून गळ फेकायची, स्पर्धेची खास होडी आपल्याकडं घडलीच नाही. ती कुठं घडली हे बघायला अमेरिकेत जावं लागतं. आणि तिथं तिचं मूळ सापडतं धरणांत.

धरणांनी जन्माला घातलेली बोट

बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. झुडपात, बुडालेल्या खोडाआड दबा धरून बसतो आणि झडप घालतो. आपल्याकडं याच्या सवयींशी जुळणारा म्हणजे मरळ. विसाव्या शतकात अमेरिकेनं धडाधड धरणं बांधली. जंगलं, शेतं पाण्याखाली गेली आणि मैलोन् मैल उथळ, खोडांनी भरलेली जलाशयं तयार झाली. बासला दुसरं काय हवं? पण नेहमीची खोल तळाची होडी तिथं अडकायची.

१९४८ साली होम्स थर्मंड नावाच्या माणसानं या पाण्यासाठी वेगळी होडी बनवली. तळ सपाट, काठ बुटके, पुढचं टोक निमुळतं. नाव दिलं 'स्कीटर', म्हणजे आपल्या भाषेत डास. तीच पहिली बास बोट मानली जाते. तिला जोड मिळाली बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरची. ती १९३४ मध्येच नॉर्थ डकोटातल्या ओ. जी. श्मिट यांनी तयार केली होती. आवाज जवळजवळ नाही, त्यामुळं मासा बिथरत नाही.

मग आला रे स्कॉट. विमा विकणारा माणूस. जून १९६७ मध्ये त्यानं आर्कान्सॉतल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. प्रवेश फी १०० डॉलर, आले १०६ जण. लक्षात घ्या, त्या तलावाचं धरण पूर्ण झालं होतं १९६६ मध्ये! पाणी भरतंय तोवर स्पर्धा. पुढच्या वर्षी त्यानं 'बास' ही संघटना काढली, आणि त्याच वर्षी, १९६८ मध्ये, आर्कान्सॉतल्याच फॉरेस्ट वूड या फिशिंग गाईडनं 'रेंजर' बोटी बनवायला घेतल्या. त्यानंतर इंजिनांची चढाओढ लागली. आज मोठ्या स्पर्धांत २० फुटांची बोट आणि २५० हॉर्सपॉवर हे नेहमीचं दृश्य आहे. आम्ही यूट्यूबवर बघत होतो ते हेच.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९७१ ची. त्या वर्षी पहिली 'बासमास्टर क्लासिक' झाली, लेक मीडवर. स्पर्धक २४. सगळ्यांना एकसारख्याच बोटी दिल्या होत्या. आपली बोट आणायची नाही. बॉबी मरे जिंकला आणि १०,००० डॉलर घेऊन गेला. म्हणजे या खेळाच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची सुरुवात झाली तेव्हा बोट हा मुद्दाच नव्हता. पाणी कुणाला वाचता येतं, एवढंच बघायचं होतं.

त्याच १९७१ मध्ये अमेरिकेत बोटींच्या सुरक्षेचा कायदा झाला. त्यातून पुढं २० फुटांपेक्षा लहान मोटरबोटीवर किती माणसं आणि किती वजन चालेल, याची पाटी लावणं बंधनकारक झालं. आणि पाणी भरलं तरी तरंगत राहावी म्हणून आत फोम भरणं आलं. काय आहे हे? आपला भोपळाच की!

आपलं पाणी कसं आहे?

आता परत घरी. धरणं आपल्याकडंही कमी नाहीत. राधानगरीचं काम शाहू महाराजांनी १९१० च्या आधीच हाती घेतलं होतं. पण राधानगरी अभयारण्यात येतं, वारणेचं चांदोली व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात. तिथं हौशी बोट विसरा.

आमचं पाणी म्हणजे बंधाऱ्यामागचं पाणी. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्रभर चालतं. पावसाळा संपला की दगडी खांबांमध्ये बरगे घालायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या आधी बरगे काढायचे. म्हणजे हिवाळा-उन्हाळा मागं संथ, लांबट, उथळ पाणी. मोठ्या लाटा नाहीत, लांबचं अंतर नाही. काठ मात्र चिखलाचा, उसाच्या बांधाचा. ट्रेलर उतरवायला सिमेंटचा उतार नाही. आबांचा पहिला प्रश्न हाच होता! ती १६ फुटी बोट इंजिनासकट आम्ही पाण्यापर्यंत नेलीच नसती.

आणि एक सांगतो, ते विसरू नका. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर खालच्या अंगाला पाणी उलटं फिरतं. वरून शांत दिसतं, पण होडी आणि माणूस दोघांनाही परत बंधाऱ्याकडं ओढतं. तिथं इंजिन किती मोठं आहे यानं फार फरक पडत नाही. वरच्या बाजूनंही लांबच राहायचं.

हिशेब

मग आम्ही कागद घेतला. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, सपाट तळाची होडी, चौघांना उचलता येईल अशी. किती माणसं? अमेरिकेत एक ढोबळ सूत्र वापरतात: लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले १५. म्हणजे ४८ भागिले १५. उत्तर ३.२. खाली धरायचं: तीन.

आम्ही चौघं. एकजण म्हणाला, "चालतंय रे, एकानं काय होतंय?"

कुणीच हसलं नाही. ८ ऑगस्ट २०१९ आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बायका, लहान मुलं गेली. ते लोक जीव वाचवायला चढले होते, त्यांच्यापुढं दुसरा पर्याय नव्हता. आम्ही तर मिसळीसाठी चाललोय. आम्हाला चौथा माणूस चढवायला काय कारण आहे?

म्हणून ठरलं: बोटीत दोघं, काठावर दोघं, अर्ध्या वेळानं अदलाबदल. उभं राहून गळ फेकायचा तर तिघांतही एकाचा गळ दुसऱ्याच्या कानात जातो. बोटीतले दोघंही लाइफ जॅकेट घालूनच. सीटखाली ठेवलेलं जॅकेट हे जॅकेट नव्हे.

इंजिनाऐवजी ५५ पौंड थ्रस्टची बॅटरीवरची मोटर. पूर्ण वेगात ती साधारण ५० अँपिअर खाते. १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर दोन तास, पण साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, म्हणून एक तासच धरायचा. सावकाश चालवली तर सकाळ आरामात निघते. शिवाय दोन वल्ही हवीतच. बॅटरी दगा देते, हात देत नाहीत.

फोम: पाणी न शोषणारा १०० लिटर फोम साधारण ९५ किलो भार पाण्यावर धरतो. विकत घेताना विचारायचं, फोम कुठं आहे, किती आहे. "बुडत नाही हो" हे उत्तर मान्य करायचं नाही.

कागदपत्रं: यांत्रिक बोटीला २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, तेव्हा नोंदणीची चौकशी घेण्याआधी करा. आणि तलावांचा मासेमारीचा हक्क बऱ्याचदा मच्छीमार सोसायटीकडं असतो. त्यांचं पोट त्यावर आहे. आधी त्यांना भेटा. रे स्कॉटनं १९७२ पासून मासे जिवंत परत सोडायची पद्धत रूढ केली, ती आम्हीही घेतलीय. मोजायचा, फोटो काढायचा, सोडायचा.

टोकन दिलं नाही. छोटी होडी ठरली. आबांना परत फोटो दाखवला. ते म्हणाले, "ही काईलीपेक्षा बरी हाय. पर पाणी बघूनच घाला."

पहिली बोट घेताय? मग बोटीचा फोटो बाजूला ठेवा आणि एक रविवार नुसतं काठावर बसून आपलं पाणी बघा. कुठली घ्यायची, ते तिथंच कळतं. पुढच्या भागात भेटू. आणि हो, गेल्या रविवारची मिसळ माझ्याकडं होती.